ऑटोगायडिंग चालू असूनही तारे लांबट येतात, तेव्हा दोष कुठे शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एचईक्यू-५ प्रो माउंटवर (दुर्बीण आकाशाच्या गतीने फिरवणाऱ्या मोटरच्या आधारावर) ६५० मिमी नाभीय अंतराची १३० मिमी न्यूटोनियन दुर्बीण आहे. मागे ४.३ मायक्रॉन पिक्सेलचा कॅनन डीएसएलआर आहे. गायडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत दुरुस्त करण्यासाठी, १२० मिमी नाभीय अंतराचा छोटा गाइडस्कोप आणि एएसआय १२० एमएम मिनी कॅमेरा आहे. ही सगळी मांडणी पुण्याबाहेरच्या शेतावर उभी केली जाते. पीएचडी-२ हे गायडिंगचे सॉफ्टवेअर चालू असतानाही १८० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तारे लांबट येतात. एकूण आरएमएस (ताऱ्याच्या विचलनाचे सरासरी माप) १.८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसतो, त्यात विषुवांशाचा, म्हणजे पूर्व-पश्चिम अक्षाचा, वाटा १.० आणि क्रांतीचा, म्हणजे उत्तर-दक्षिण अक्षाचा, १.५ (हे आकडे वर्ग करून जोडले जातात). आलेखातली क्रांतीची रेघ एका बाजूला जाऊन अडकते आणि मग एकदम पलीकडे उडी मारते. कॅलिब्रेशन (माउंट हलवले की तारा किती सरकतो याची सुरुवातीची मोजणी) अधूनमधून ‘तारा पुरेसा हलला नाही’ असे सांगून थांबते, आणि मेरिडियन फ्लिपनंतर (मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला नेल्यावर) गाइड तारा एका दिशेने पळत सुटतो. ॲग्रेसिव्हनेस (मोजलेल्या चुकीपैकी किती टक्के दुरुस्त करायची) १०० वरून ४० पर्यंत उतरवून पाहिली, मिनिमम मूव्ह (किती लहान चूक सोडून द्यायची) बदलून पाहिली, पण काहीच सुधारले नाही.

सुधारणार नव्हतेच, कारण या वर्णनात किमान तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांतला एकही ॲग्रेसिव्हनेसमुळे निर्माण झालेला नाही. गायडिंगच्या सॉफ्टवेअरला फक्त दोन गोष्टी कळतात: कॅमेऱ्याच्या चौकटीत तारा कुठे आहे, आणि आपण माउंटला किती मिलिसेकंदांचा पल्स (मोटर फिरवण्याचा संकेत) पाठवला. गिअरमध्ये किती मोकळीक आहे, वायर कुठे ताणली जाते, ट्रायपॉडचा पाय मातीत रुततो आहे का, यांतले त्याला काहीही दिसत नाही. म्हणून पहिली विनंती ही की बदललेली सगळी सेटिंग्ज सोडून द्या, पीएचडी-२ मध्ये विझार्डच्या मदतीने नवीन प्रोफाइल तयार करा आणि मूळ मूल्यांवर परत या. ते करताना गाइडस्कोपचे नाभीय अंतर १२० आणि पिक्सेल ३.७५ मायक्रॉन हे आकडे बरोबर भरले आहेत ना, हे डोळ्यांनी तपासा. तिथे चुकून २४० भरले गेले, तर आरएमएस आर्कसेकंदांत निम्मा दिसतो आणि माणूस आठवडेच्या आठवडे चुकीच्या समाधानात राहतो.

हे आकडे एकदा कागदावर मांडलेले बरे. पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार २०६.२६५ ने गुणून मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागला, की एका पिक्सेलमध्ये आकाशाचे किती आर्कसेकंद मावतात ते कळते. तुमच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी हे उत्तर सुमारे १.३६ येते आणि गाइड कॅमेऱ्यासाठी सुमारे ६.४५. म्हणजे गाइड कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये मुख्य कॅमेऱ्याचे जवळजवळ पावणेपाच पिक्सेल बसतात. सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत काढू शकते, त्यामुळे ही जोडी चालते. मात्र तारा नीट फोकस केलेला आणि पुरेसा ठळक असला पाहिजे, आणि एकाऐवजी अनेक ताऱ्यांवर गायडिंग करण्याचा पर्याय चालू असला पाहिजे. एकूण आरएमएस मुख्य कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलहून, म्हणजे १.३६ हून कमी राहिला आणि दोन्ही अक्षांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले, तर तारे गोल येतील. तुमच्याकडे क्रांतीचा आकडा विषुवांशाच्या दीडपट आहे, म्हणून तारे उत्तर-दक्षिण दिशेने ताणलेले असणार. फोटो उघडून ही दिशा आधी पडताळा. लांबटपणा पूर्व-पश्चिम निघाला, तर पुढचा तर्क बदलेल.

आता कॅलिब्रेशन पाहू, कारण ते बिघडलेले असताना बाकी कशाचाही निष्कर्ष काढता येत नाही. कॅलिब्रेशनमध्ये सॉफ्टवेअर माउंटला पश्चिमेकडे ठरावीक पल्स देत तारा साधारण २५ पिक्सेल हलवू पाहते आणि हे अंतर डझनभर पावलांत कापले जावे अशी त्याची अपेक्षा असते. तुमच्या गाइड कॅमेऱ्यात २५ पिक्सेल म्हणजे सुमारे १६१ आर्कसेकंद. आकाश सेकंदाला १५.०४ आर्कसेकंद सरकते. गाइड रेट, म्हणजे दुरुस्तीचा वेग, त्याच्या ०.५ पट ठेवला, तर पल्स चालू असताना माउंट सेकंदाला साधारण ७.५ आर्कसेकंद हलते. तेव्हा १६१ आर्कसेकंदांना २१ सेकंदांहून थोडे अधिक लागतात आणि बारा पावले पाडायची तर प्रत्येक पाऊल सुमारे १८०० मिलिसेकंदांचे हवे. तुमच्याकडे ते ७५० वर असेल तर पावलांची संख्या तीसच्या घरात जाते. पण ईक्यूमॉड या माउंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला पल्स गाइड रेट ०.१ पटीवर राहून गेला असेल, आणि असे अनेकांच्या बाबतीत झालेले मी पाहिले आहे, तर त्याच ७५० मिलिसेकंदांत तारा जेमतेम १.१ आर्कसेकंद, म्हणजे पिक्सेलच्या सहाव्या हिश्शाइतका हलतो. मग सॉफ्टवेअरने ‘तारा पुरेसा हलला नाही’ म्हणून हात टेकले, तर त्यात नवल नाही. दोन्ही अक्षांसाठी हा रेट ०.५ पेक्षा कमी ठेवू नका.

त्याच तक्रारीचे दुसरे कारण म्हणजे कॅलिब्रेशनची जागा. विषुवांशाच्या अक्षावर माउंट कितीही फिरले तरी ताऱ्याचे चौकटीतले सरकणे क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या) कोज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात घटते. ६० अंश क्रांतीवर ते निम्मे होते आणि ८० अंशांवर सहाव्या भागाच्या आसपास उरते. चित्रविषय सप्तर्षीत असला म्हणून कॅलिब्रेशनही तिथेच करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. दुर्बीण खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाच्या जवळ, एका बाजूला किंचित सरकवून न्या. जानेवारीच्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृगाचा पट्टा त्यासाठी सोयीचा, कारण तो विषुववृत्तालगतच आहे. तिथे कॅलिब्रेशन करण्यापूर्वी दुर्बीण हातपॅडने थोडी उत्तरेकडे हलवा, म्हणजे क्रांतीच्या गिअरमधली मोकळीक आधीच भरली जाईल. मग कॅलिब्रेशनचे चित्र उघडा. दोन्ही अक्षांचे बिंदू सरळ रेषेत, समान अंतरावर आणि एकमेकांना काटकोनात दिसले पाहिजेत. क्रांतीचे सुरुवातीचे काही बिंदू एकाच जागी गोळा झालेले दिसले, किंवा उत्तरेकडे जाताना आणि परतताना वाटा वेगळ्या पडल्या, तर ती बॅकलॅशची, म्हणजे याच मोकळिकीची, सही समजा.

फ्लिपनंतर तारा पळण्याचे कारण बहुधा इथेच दडलेले आहे. माउंट मध्यमंडल ओलांडून दुसऱ्या बाजूला गेले की क्रांतीच्या मोटरची दिशा आणि आकाशातली दिशा यांचे नाते उलटते. सॉफ्टवेअरला माउंट कोणत्या बाजूला आहे हे कळत नसेल, तर प्रत्येक दुरुस्ती चूक वाढवत जाते. गाइड कॅमेऱ्यापासून माउंटपर्यंत एसटी-४ वायर जोडलेली असेल, तर त्या वायरीतून फक्त चार दिशांचे पल्स जातात. क्रांती किती आणि बाजू कोणती, ही माहिती तिच्यातून जात नाही. ती वायर काढून टाका आणि ईक्यूमॉडमार्फत अ‍ॅस्कॉमने (संगणकातून थेट माउंटशी बोलणाऱ्या दुव्याने) गायडिंग करा. तसे केल्यावर एकदाच केलेले कॅलिब्रेशन आकाशाच्या कोणत्याही भागात आणि फ्लिपनंतरही वापरता येते. इतके करूनही फ्लिपनंतर फक्त क्रांतीच पळत असेल, तर फ्लिपनंतर क्रांतीची दिशा उलटवण्याचा जो पर्याय पीएचडी-२ मध्ये आहे, त्याची सध्याची स्थिती बदला आणि पुन्हा फ्लिप करून पाहा. ही चाचणी एकदाच करायची असते आणि तिला दहा मिनिटे लागतात.

यानंतरचे काम थोडे धीराचे आहे. दुरुस्त्या पूर्ण थांबवून माउंट स्वतःहून कसे चालते ते पाहायचे. पीएचडी-२ मधला गायडिंग असिस्टंट हेच करतो. तो पल्स पाठवणे थांबवतो आणि ताऱ्याचे मोकळे सरकणे नोंदवतो. बहुतेक जण दोन मिनिटांत तो बंद करतात, त्यामुळे त्यातून फारसे काही हाती लागत नाही. एचईक्यू-५ च्या वर्म व्हीलला (वर्म नावाच्या मळसूत्री दांड्याने फिरणाऱ्या चाकाला) १३५ दाते आहेत. नाक्षत्र दिवसाच्या ८६,१६४ सेकंदांना १३५ ने भागले की वर्मचा एक फेरा ६३८ सेकंदांचा येतो. निदान दोन फेरे पाहायचे तर २१-२२ मिनिटे हवीतच. तेवढा वेळ द्या. चहा घ्या, पण दुर्बिणीजवळून चालू नका.

त्या नोंदीत विषुवांशाची रेघ साडेदहा मिनिटांच्या संथ लाटेसारखी वर-खाली होईल. ही लाट शिखरापासून दरीपर्यंत ३० आर्कसेकंदांची असली तरी घाबरू नका. ६३८ सेकंदांच्या अशा गुळगुळीत लाटेचा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे ०.१५ आर्कसेकंद असतो, म्हणजे दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमागे ०.३. एवढे गायडिंग सहज सावरते. त्रास देते ती लहान पण चपळ लाट. समजा ६ आर्कसेकंदांचीच लाट असली आणि तिचा आवर्तकाल एका मिनिटाचा असला, तर वेग दुप्पट होतो आणि दुरुस्ती नेहमी एक पाऊल मागे राहते. म्हणून लाट किती उंच यापेक्षा ती किती वेगाने चढते, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे. पीएचडी-२ ची लॉग फाइल लॉग व्ह्यूअरमध्ये उघडली की कोणत्या आवर्तकालाची लाट किती मोठी आहे, हे वेगळे काढून दिसते. ६३८ च्या आसपासचा सुळका वर्मचा असतो. त्याहून बऱ्याच लहान आवर्तकालाचा ठळक सुळका दिसला, तर संशय मोटर आणि वर्म यांच्यामधल्या दातेरी चाकांवर घ्यावा. त्या चाकांच्या जागी पट्टा बसवण्याची सोय या माउंटसाठी मिळते आणि तिचा फायदा नेमका इथे होतो. तुमचा विषुवांशाचा आरएमएस १.० आहे. तो सुधारता येईल, पण आजचा मुख्य दोष तो नाही.

मुख्य दोष क्रांतीत आहे. क्रांतीचा अक्ष खरे तर स्थिर उभा असतो. आकाशाचा पाठलाग करायचे काम विषुवांशाचे, क्रांतीने फक्त पोलर अलाइनमेंटमधल्या (माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखण्यातल्या) चुकीची भरपाई करायची. म्हणजे त्याला सतत फिरायचे नसते, अधूनमधून दिशा बदलायची असते, आणि दिशा बदलताना वर्म आणि चाक यांच्यामधली मोकळी जागा आधी ओलांडावी लागते. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. रेघ एका बाजूला जाते, पल्सवर पल्स जात राहतात पण दुर्बीण हलत नाही, कारण वर्म रिकाम्या जागेत फिरतो आहे. मग दाते भिडतात, साठलेला सगळा धक्का एकदम लागतो आणि तारा पलीकडच्या बाजूला जातो. तिथून पुन्हा तेच सुरू होते. गायडिंग असिस्टंट शेवटी बॅकलॅश मोजून देतो. तो ३००० मिलिसेकंद आला, तर ०.५ पट गाइड रेटने ती मोकळीक २२ आर्कसेकंदांहून अधिक आहे, असा त्याचा अर्थ. काहीशे मिलिसेकंदांचा बॅकलॅश सॉफ्टवेअरमधल्या भरपाईने सांभाळता येतो. काही सेकंदांचा सांभाळता येत नाही, आणि तसा हट्ट केला तर हेलकावे वाढतात.

यावर दोन मार्ग आहेत आणि मी आधी सोपा सुचवतो. मोकळ्या नोंदीत क्रांती कोणत्या बाजूला सरकते ते पाहा आणि फक्त त्या सरकण्याला विरोध करणारी एकच दिशा, उत्तर किंवा दक्षिण, गायडिंगला उघडी ठेवा. दाते मग नेहमी एकाच बाजूने भिडलेले राहतात आणि मोकळीक आड येत नाही. यासाठी पोलर अलाइनमेंट अगदी अचूक असून चालत नाही, तीन-चार कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चूक मुद्दाम ठेवावी लागते. एका कलेच्या चुकीमुळे क्रांती मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ आर्कसेकंद सरकते, म्हणजे चार कलांना मिनिटाला एक आर्कसेकंद. हे सरकणे सौम्य आणि एकाच दिशेचे असते. १८० सेकंदांत त्यातून येणारे क्षेत्राचे फिरणे तुमच्या फोटोत दिसणार नाही. मात्र सरकण्याची दिशा आकाशाच्या भागानुसार बदलते, तेव्हा नवा विषय घेतला की आणि फ्लिप झाला की ती पुन्हा पाहायची. दुसरा मार्ग यांत्रिक आहे: क्रांतीचा वर्म चाकाजवळ आणणे. त्यासाठीचे बारीक ॲलन स्क्रू एका वेळी वळशाच्या आठव्या भागाहून अधिक फिरवू नका. दुपारच्या उन्हात घट्ट बसवलेली जोडी थंडीच्या रात्री जाम होण्याची शक्यता असते, म्हणून हे काम रात्रीच्या तापमानात करा आणि प्रत्येक बदलानंतर अक्ष पूर्ण फेरा मोकळा फिरतो ना, ते पाहा. मोकळीक शून्य करण्याचा प्रयत्न करू नका. जाम झालेला अक्ष बॅकलॅशपेक्षा वाईट.

पण या दोन्हींच्या आधी तोलाकडे पाहा. न्यूटोनियनला कॅमेरा बाजूला लटकतो, त्यामुळे नळी आडवी असताना साधलेला क्रांतीचा तोल नळी उभी केल्यावर टिकत नाही. दोन्ही स्थितींत तपासून नळी तिच्या कड्यांमध्ये फिरवावी लागते. विषुवांशाच्या अक्षावर मात्र अचूक तोल नको, पूर्वेची बाजू किंचित जड हवी, म्हणजे मोटर सतत थोडे ओझे उचलत राहते आणि दाते एका बाजूला टेकून राहतात. दुर्बीण पूर्वेकडच्या आकाशाकडे पाहत असताना काउंटरवेट पूर्वेला असतो, तेव्हा तो जरासा बाहेर सरकवा. फ्लिपनंतर तो पश्चिमेला जातो, तेव्हा जरासा आत घ्या. एक-दोन सेंटिमीटर पुरतात.

आपल्या अक्षांशाची एक खास अडचण इथे सांगितली पाहिजे. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर असतो. धुळीच्या थरातून तो मिणमिणता दिसतो, पोलरस्कोपला डोळा लावायला गुडघ्यांवर बसावे लागते आणि एवढ्या कमी उंचीवर वातावरणाच्या वक्रीभवनाने तो सुमारे तीन कला वर उचललेला असतो. उत्तरेला डोंगर किंवा झाडी असेल, तर तो मिळतही नाही. अशा वेळी ताऱ्याचे सरकणे पाहून अक्ष दुरुस्त करण्याची ड्रिफ्ट पद्धत वापरा, किंवा निना या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पोलर अलाइनमेंट वापरा. तिला ध्रुवाकडची दिशा दिसण्याची गरज नसते. इतक्या कमी अक्षांशाला माउंटचे डोके जवळजवळ आडवे झोपते आणि काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायांजवळ येतो, म्हणून तो कुठे घासत नाही ना, हे फिरवून पाहिलेले चांगले. शेतात काळी माती असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा. पावसाळ्यानंतरच्या ओलसर काळ्या मातीत पाय रात्रभर सावकाश रुतत राहतात आणि अलाइनमेंट बिघडत जाते. पाय शक्य तितके आखूड ठेवा.

वीजपुरवठ्याकडेही एकदा पाहा. लांब, बारीक वायर आणि सैल प्लग यांमुळे मोटर जोराने फिरताना व्होल्टेज खाली जाते. माउंटवरचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर तो कमी व्होल्टेजचा इशारा आहे. दवाचेही तसेच. गाइडस्कोपच्या भिंगावर दव बसले की ताऱ्याचा एसएनआर (पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या तुलनेत ठळकपणा) हळूहळू घसरतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र हीटर हवा.

सेटिंग्जविषयी थोडेच सांगायचे आहे. गाइड एक्स्पोजर दोन ते तीन सेकंदांचे ठेवा. अर्ध्या-एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तारा हवेच्या थरथरीने हललेला दिसतो आणि सॉफ्टवेअर त्या थरथरीमागे धावते. विषुवांशाची रेघ प्रत्येक फ्रेमला वर-खाली करवतीसारखी दिसली, तर हेच घडते आहे असे समजा. मिनिमम मूव्हसाठी गायडिंग असिस्टंट जे सुचवेल ते स्वीकारा. हार्मोनिक ड्राइव्हच्या (वर्मऐवजी लवचीक दातेरी कडे असलेल्या) माउंटची लाट चपळ असल्यामुळे तिथे लहान एक्स्पोजर लागतात. तो सल्ला तुमच्या वर्मच्या माउंटला लागू करू नका.

इतके झाल्यावर आलेख सुधारेल, तरीही तारे लांबट राहण्याची एक शक्यता उरते आणि तिने माझ्या तीन अमावास्या खाल्ल्या आहेत. आरएमएस ०.७ होता, तारे मात्र नेहमी एकाच दिशेने ताणलेले. मी माउंटवर संशय घेत राहिलो. शेवटी लक्षात आले की गाइड कॅमेऱ्याचे नाक एकाच स्क्रूने धरले होते आणि दुर्बीण पश्चिमेकडे झुकत जाईल तसा कॅमेरा केसभर वाकत होता. गाइड तारा जागेवर, पण मुख्य दुर्बीण वेगळीकडे पाहते, अशी ही स्थिती. तिची चाचणी अशी: डिदरिंग (फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणे) बंद करून १८० सेकंदांचे लागोपाठ दहा फोटो घ्या आणि पहिल्या व दहाव्या फोटोत तोच तारा कुठे आहे ते पाहा. अर्ध्या तासात तो १२ पिक्सेल सरकला असेल, तर प्रत्येक फोटोत १.२ पिक्सेल, म्हणजे १.६ आर्कसेकंदांचा ताण आला. सगळे तारे सारखेच सरकले असतील तर दोष लवचिकतेचा: गाइडस्कोपची कडी, फोकसर, कॅमेऱ्याचे नाक, मुख्य आरशाचे स्क्रू किंवा लोंबकळणारी वायर. तारे एका बिंदूभोवती फिरल्यासारखे दिसले, तर पोलर अलाइनमेंट पुन्हा करा. आणि आलेख संशय यावा इतका सपाट असताना फोटो बिघडत असेल, तर सॉफ्टवेअरने ताऱ्याऐवजी कॅमेऱ्याचा हॉट पिक्सेल (कायम उजळ दिसणारा बिघडलेला पिक्सेल) धरला आहे का, ते तपासा. डार्क लायब्ररी (झाकण लावून घेतलेल्या फोटोंचा संच) किंवा बिघडलेल्या पिक्सेलचा नकाशा करून ठेवला, तर हा प्रकार टळतो.

ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतूनच गाइड तारा दाखवणारे उपकरण) घ्यावा का, असेही तुम्ही विचारले आहे. ६५० मिमीला, गाइडस्कोप दोन कड्यांत पक्का बसवलेला असेल आणि वरच्या चाचणीत अर्ध्या तासाचे सरकणे दोन-तीन पिक्सेलांत राहत असेल, तर त्याची गरज नाही. तो पैसा आधी पट्ट्याच्या गिअरसाठी वापरा, आणि तोही लॉगमध्ये लहान आवर्तकालाचा सुळका दिसला तरच.